इन म्हणजे बाहेर, आऊट म्हणजे घरात

मी साहेब झालो त्या दिवसापासून मी घरी राहणं सोडलं. म्हणजे होतो घरातच, फक्त पाटीवर नव्हतो.

साखर आणि सिमेंट परवान्याशिवाय मिळत नसे, त्या काळातली ही गोष्ट. मी नागपुरात पुरवठ्याच्या कचेरीत कारकून होतो आणि बरीच वर्षं मान खाली घालून काम केल्यावर एकदाची मला बढती मिळाली. त्या काळी माणूस साहेब झाला हे त्याच्या पगारावरून कळत नसे (पगारावरून तर मुळीच नाही), ते कळे दारावरच्या पाटीवरून. डॉक्टर, वकील, प्रोफेसर अशा मोठ्या लोकांच्या दारावर नावाखाली दोन शब्द असत. एकीकडे हिरव्या अक्षरांत 'इन', दुसरीकडे लाल अक्षरांत 'आऊट', आणि मध्ये सरकणारी एक पट्टी. पट्टी आऊटवर ओढली की इन दिसायचं, इनवर ओढली की आऊट. मी बर्डीवरच्या एका पेंटरकडून तश्शी पाटी रंगवून घेतली आणि आमच्या ले-आऊटमधल्या (नागपुरात वसाहतीला ले-आऊट म्हणतात) भाड्याच्या दोन खोल्यांच्या दारावर ठोकली. पाटी दारापेक्षा भारी दिसत होती.

उद्घाटन माझ्या धाकट्या बहिणीनं, कुसुमनं केलं. आईवडील लवकर गेले, कुसुमला मीच वाढवलं, शिकवलं, आणि ती एका मुलींच्या शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवत होती. तिनं माझ्या बायकोला, विमलला, पाटीसमोर उभं करून धडा दिला, की वहिनी, इन म्हणजे दादा घरात आणि आऊट म्हणजे दादा बाहेर, यात चुकण्यासारखं काही नाही. कुसुम फार हुशार मुलगी, पण तिला तेव्हा आमच्या घराचा पुरेसा अनुभव नव्हता.

पहिल्या संध्याकाळी मी पट्टी सरकवून 'इन' दाखवलं आणि खुर्चीत बसलो. दिवेलागणीच्या आत निम्मा ले-आऊट माझ्या खोलीत होता! कुणाच्या घरी लग्न, त्याला साखर हवी. कुणाची भिंत अर्धी, त्याला सिमेंट हवं. शेजारचे बोंद्रेकाका, पेन्शनर माणूस, त्यांच्या न्हाणीघराचं काम अडलेलं. ते तर माझ्या पलंगावरच बसले आणि शेजारधर्म म्हणजे काय यावर बोलत राहिले. आता माझी अडचण अशी, की तोंडावर नाही म्हणायची मला हिंमत नव्हती आणि हो म्हणायची सोय नव्हती. परवाने कचेरीत नियमानं निघायचे, माझ्या पलंगावर नाही. पण हे सांगायचं कसं? दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो, चपला आत घेतल्या, आणि पट्टी सरकवून 'आऊट' केलं. नाही म्हणायचं काम मी पाटीकडे सोपवलं.

पुढची अक्कल विमलची. रविवारी आम्ही तिघं सिनेमाला निघालो तेव्हा मी पाटी आऊटवरच ठेवली, कारण आता ती खरीच होती. विमल फाटकातून परत फिरली.

"आऊट काहून ठेवता? चोराले सांगता का, ये बावा, कोणी नाई म्हणून?"

"चोराला इंग्रजी येतं का वं?"

"आलं तं? आजकाल समदेच शिकून राहिले."

तिनं 'इन' केलं आणि आम्ही सिनेमा निर्धास्त पाहिला. अशा रीतीनं आमच्या घरात दोन्ही शब्दांचे अर्थ ठरले. आऊट म्हणजे साहेब घरात, इन म्हणजे घराला कुलूप. कुसुमनं हे ऐकलं आणि बराच वेळ डोकं धरून बसली.

पण बोंद्रेकाका होते ना! या माणसाचा दोन गोष्टींवर विश्वास नव्हता, एक वर्तमानपत्र आणि दुसरा मी. म्हणून ते दिवसभर ओट्यावर बसून वर्तमानपत्र तोंडासमोर धरत आणि त्याच्या वरून माझ्याकडे पाहत. एकदा पाटीवर आऊट असताना मला आतून शिंक आली. माझी शिंक ले-आऊटच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाते. काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येकाला ते फुकट मार्गदर्शन करू लागले, की आऊट दिसलं की बिनधास्त कडी वाजवा, आणि इन असलं तर उन्हात उभं राहू नका, घरी जा.

मग मी डाव टाकला. घरात असताना पाटीवर खरं खरं 'इन' ठेवलं. काय शांतता लाभली म्हणता! लोक फाटकापर्यंत येत, पाटी वाचत, 'नाहीत वाटते' म्हणत परत जात. खरं बोलून इतकं सुख मिळतं हे मला माहीतच नव्हतं. पण काकांनी तेही हेरलं. मग मी पुन्हा उलटं केलं, ते ओळखल्यावर पुन्हा सरळ, मग एक दिवस सरळ आणि एक दिवस उलटं. रोज सकाळी मी आणि विमल एकमेकांना विचारत असू, "आज सरळ का उलटी?" एकदा कचेरीतून थकून आलो, दारात उभं राहून पाटी वाचली आणि क्षणभर मलाच कळेना की मी घरी आहे की नाही.

त्यात आणखी एक भानगड सुरू झाली. आम्ही एक ठेवून जायचो आणि परत आल्यावर दुसरंच दिसायचं. माझा संशय काकांवर, काकांचा माझ्यावर. विमलचा संशय आधी दोघांवर होता, पण नंतर तो फक्त माझ्यावर स्थिरावला. शेवटी चोर पकडायचाच म्हणून मी तिच्या डबीतलं काजळ पट्टीच्या टोकाला लावून ठेवलं. दिवसभर कचेरीत मी खुशीत होतो, आज काकांची बोटं काळी सापडणार म्हणून. दुपारी चपराश्यानं हळूच विचारलं, की साहेब, नाकाले काय लागलं? निघताना सवयीनं पट्टी मीच सरकवली होती आणि नाकही मीच खाजवलं होतं.

इथवर गंमत होती. पण एक दिवस कुसुम शाळेतून तणतणत आली. तिच्या वर्गात काकांची नात होती. कुसुमनं तिला उभं करून आऊट शब्दाचा अर्थ विचारला, तर पोरीनं ठणकावून सांगितलं, "आऊट म्हणजे साहेब आतमधी जेवून राहिले." आणि सगळ्या वर्गाला ते पटलं.

"दादा, ती पाटी काढ," कुसुम म्हणाली. "मी फळ्यावर एक शिकवते आणि आपलं दार दुसरंच शिकवते."

मी काढली नाही. साहेबाची पाटी काढायची म्हणजे काय!

त्याच उन्हाळ्यात कुसुमचं स्थळ आलं. वर्ध्याच्या आमच्या आत्याबाईंनी आणलेलं. मुलगा कळमेश्वरचा, शाळेत मास्तर. आई आणि मामांबरोबर येऊन मुलगी पाहून गेला आणि त्यांच्याकडून पसंती आली. आजवर आलेल्या मुलांबद्दल कुसुमनं कधी चकार शब्द काढला नव्हता. या वेळी मी विचारल्यावर ती म्हणाली, "बरा आहे." आणि त्या संध्याकाळी तिनं वरणात दोनदा मीठ घातलं. आम्ही दोघांनी ते वरण तक्रार न करता खाल्लं, कारण मी काय आणि विमल काय, त्या खारट वरणानं आम्हाला फार आनंद झाला होता.

अडचण एकच होती, मुलाचे वडील. गुलाबराव त्यांचं नाव. सारा जन्म चुंगी नाक्यावर, जकात वसूल करण्यात गेलेला. गाडीतलं गवत उपसून खालचे तुपाचे डबे काढणारा माणूस! त्यांचा दंडकच होता, की मुलगी सांगून पाहावी आणि घर न सांगता पाहावं. तेव्हा कधीतरी ते अचानक येणार, घर पाहणार, शेजारीपाजारी चौकशी करणार, आणि मगच होकार देणार होते. आम्ही कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं. आत्याबाईंनी वर्णन कळवलं होतं, की गव्हाळ रंग, मोठ्या मिशा, काळी टोपी, हातात छत्री. त्या वर्णनाची माणसं महाल ते धरमपेठ कुठंही, दगड मारला तर लागेल इतकी होती.

कुसुमनं माझ्याकडून वचन घेतलं. गुलाबराव येऊन जाईपर्यंत पाटी सरळ. घरात तर इन, बाहेर तर आऊट, पाचवीच्या पुस्तकासारखं. "दादा, एवढ्यापुरतं," ती म्हणाली आणि मान खाली घातली. मी शपथेवर हो म्हटलं.

आणि आमच्या घरात संशयाचं राज्य सुरू झालं. छत्रीवाला कुणी दिसला की विमल पदर सारखा करायची आणि मी हातात इंग्रजी पुस्तक धरायचो. (ते कुसुमचं पाचवीचंच होतं, पण मी कव्हर घातलं होतं.) एका सकाळी तो आलाच. गव्हाळ रंग, मिशा, काळी टोपी, छत्री. दारातून त्यानं आधी भिंतींकडे पाहिलं, मग छताकडे. आम्ही नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. मी त्याला हात धरून पंख्याखाली बसवलं. विमलनं आलुबोंडे तळले, वर श्रीखंड वाढलं, नको नको म्हणत असताना दुसऱ्यांदा वाढलं. त्यानं विचारलं, घरात दिवे किती, पंखे किती. मी नम्रपणे सांगितलं. मग तो इकडेतिकडे पाहत म्हणाला, "आणखी काय काय चालते घरात?"

"सगळं चालतं," मी म्हणालो, "पण दारू नाही."

तो जरा थबकला, घाईनं हात धुतले, दारामागचं मीटर पाहिलं आणि निघून गेला. तो विजेच्या ऑफिसातला मीटर पाहणारा होता! नवीन होता बिचारा, पण हुशार. त्यानं आपल्या साहेबाला जाऊन सांगितलं, की ज्या घरात मीटरवाल्याला श्रीखंड मिळते त्या घरचं मीटर सरळ असूच शकत नाही. दुसऱ्या दिवशी दोघं आले, मीटर तपासायला काढून घेऊन गेले, आणि भर मे महिन्यात आमचा पंखा बंद पडला.

नागपूरचा मे महिना ज्यानं पाहिला नाही त्याला मी काय सांगू आणि ज्यानं पाहिला त्याला काय सांगायचं राहिलं! पुढच्या रविवारी मी लुंगी-बनियानवर, डोक्यावर ओला पंचा घेऊन दारामागं पडून होतो. कुसुम मैत्रिणीकडे उत्तरपत्रिका तपासायला गेली होती. सकाळपासून लग्नसराईच्या साखरेसाठी रांग लागली होती, कारण वचनाप्रमाणे पाटी सरळ होती आणि काकांनी तीही गोष्ट गावभर केली होती. एक गेला की दुसरा. माझा धीर सुटला. मनात म्हटलं, गुलाबराव या असल्या उन्हात कशाला येतात. उठलो, पट्टी सरकवली आणि 'आऊट' करून पुन्हा आडवा झालो.

लगेच कडी वाजली. काकांनी पाठवला असणार म्हणून मी चिडून दार उघडलं. समोर एक गृहस्थ. मिशा नाहीत, टोपी नाही, छत्री नाही. गुळगुळीत दाढी, डोक्याला उपरणं, आणि हातात आंब्यांची पिशवी. आंबे पाहिले आणि मी काय समजायचं ते समजलो. साखरवाले हात हलवत येत, सिमेंटवाले आंबे घेऊन येत.

"साहेब हायेत?"

"बाहेर गेलेत."

"पाटीवरही तसंच हाय," तो म्हणाला आणि पाटीवरून नजर काढून माझ्या पंच्यावर ठेवली. "आपण?"

आता इथे मी दाराची कडी लावून घ्यायला हवी होती. पण तोंडावर दार लावायची हिंमत नव्हती, हे मी आधीच सांगितलं.

"मी भाऊ त्यांचा."

"सख्खे?"

"सख्खा."

तो पिशवी खाली ठेवून ओसरीच्या बाकावर बसला. मला साहेबांचं कसं काय चाललंय हे विचारू लागला. स्वभाव कसा, देणंघेणं कसं, व्यसन वगैरे. सिमेंटवाले इतकं विचारत नाहीत. आता मला वेगळाच संशय आला, की हा लाच पकडणारा तर नाही? आंबे म्हणजे सापळा! मी चटकन पिशवी पायानं दूर सरकवली आणि म्हणालो, की साहेब अत्यंत सचोटीचे, कुणाचे आंबे घेत नाहीत, कुणाचं कामही करत नाहीत. स्वतःची इतकी स्तुती मी पूर्वी कधी मोठ्यानं केली नव्हती. जरा बरं वाटलं.

"बहीण कशी हाय त्यायची?"

"बहिणीची चौकशी तुम्ही काहून करता?" मी आवाज चढवला.

तेवढ्यात आतून विमल आली. तिला बाहेर काय चाललंय याचा पत्ता नव्हता. "अहो, तो पंचा द्या इकडं, ओला करून देतो," ती म्हणाली आणि परका माणूस दिसताच गर्रकन आत गेली.

तो गृहस्थ आतल्या दाराकडून माझ्या पंच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "वहिनी तुमाले अहो म्हणते?"

मी म्हणालो, आमच्याकडे पद्धत आहे.

तो उठला. पिशवी उचलली. "बरं. साहेब आले का सांगा, कळमेश्वरहून गुलाबराव आलते म्हणा. मिशा काढल्या, म्हणून वळखू यायचो नाई." आणि तो फाटकातून निघून थेट बोंद्रेकाकांच्या ओट्यावर जाऊन बसला.

खरं सांगतो, मला त्या क्षणी साहेबपण, पाटी, काही आठवलं नाही. मला ते खारट वरण आठवलं. एवढीशी होती कुसुम, माझ्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत जायची. तिनं आयुष्यात एका माणसाला बरा म्हटलं आणि मी ते माझ्या तोंडानं घालवलं.

विमलला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला, पण ती डगमगली नाही. म्हणाली, "भाऊ गेला चुलीत. आता साहेब व्हा आणि बाहेरून या." मी पँट घातली, शर्ट घातला, बूट घातले, चष्मा लावला. पाटीवर 'इन' केलं, मागच्या दारानं गल्लीत उतरलो आणि वळसा घालून, जणू आत्ताच कचेरीतून येतोय अशा चालीनं (रविवारी!) काकांच्या ओट्यासमोर आलो.

"नमस्कार गुलाबराव," मी म्हणालो. "जरा बाहेर गेलो होतो."

"बाहेर?" काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. "सकायपासून तं घरातच होते तुमी."

गुलाबरावांनी मला खालून वर पाहिलं. "तुमचा भाऊ भेटला आत्ताच. हुबेहूब तुमच्यासारखाच."

"जुळा आहे," मी म्हणालो.

काका उभे राहिले. "जुळा? इतके वर्षं शेजारी राहून राहिलो, जुळा कदी दिसला नाई मले!"

"बोलवा त्यायले," गुलाबराव म्हणाले. "दोघायले संगच पाहू."

"तो आत्ताच बाहेर गेला."

तिघांनी मिळून आमच्या दाराकडे पाहिलं. पाटीवर हिरवंगार 'इन' झळकत होतं. काकांनी मग माझा ताबाच घेतला. या घराची पाटी कशी वाचायची, सरळ दिवस कोणता, उलटा कोणता, शिंक कशी ओळखायची, सगळं त्यांनी गुलाबरावांना समजावून दिलं. त्यात त्यांना इतका आनंद होत होता की मला त्यांची दया आली असती, जर ती सगळी मला स्वतःसाठी लागली नसती.

अशात कुसुम सायकलवरून आली. उतरली. काकांकडे पाहिलं, अनोळखी गृहस्थाकडे पाहिलं, आंब्यांच्या पिशवीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. सगळं समजलं तिला.

"दादा," ती म्हणाली, "पंचा."

मी डोक्याला हात लावला. पँट, शर्ट, बूट, चष्मा, सगळं होतं. आणि त्यावर तो ओला पंचा तस्साच होता. त्याचं पाणी माझ्या कॉलरमधून खाली गळत होतं.

"बाई, तूच सांग," गुलाबराव तिला म्हणाले. "मी कळमेश्वरचा. हा कोण? साहेब का साहेबाचा जुळा भाऊ?"

मी तिच्याकडे पाहत होतो. एखादी असती तर जुळा भाऊ चालवून घेतला असता. लग्न हातचं जात होतं. कुसुमनं सायकल भिंतीला टेकवली आणि पदर खोचून सरळ उभी राहिली.

"माझा दादा आहे. एकुलता एक. भाऊ बिऊ कोणी नाही. तुम्हाला परवानावाले समजून खोटं बोलला. त्याला कोणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून पाटीमागं लपतो." तिनं पाटीकडे बोट केलं. "लोकांसाठी असेल तो आऊट. माझ्यासाठी कधीच नव्हता."

काकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मी चष्मा काढून पंच्यानं पुसला, कारण तो का कोण जाणे ओला झाला होता.

गुलाबरावांनी सावकाश तंबाखू मळली. "नाक्यावर जन्म गेला माया," ते म्हणाले. "चोर मले नजरेनं समजते. जो नीट लपवते, तो धोक्याचा. हा माणूस तं डोक्यावरचा पंचा लपवू शकत नाई. याच्या घरात काय लपून राहीन? आन् पोरगी खरं बोलते. मले आणखी काय पाह्यजे?" मग त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली. "आता घेता का आंबे? का साहेब घेत नाईत अजून?"

"साहेब घेत नाहीत," मी म्हणालो. "भाऊ घेतो."

कुसुम हसली आणि एकदम रडली, आणि पळत घरात गेली. गुलाबराव जेवायला थांबले. मी हात धुवायला मोरीवर गेलो तर काका मागं उभे. म्हणाले, "साहेब, आता घरीच हायेत तं ते न्हाणीघराचं..."

लग्न थाटात झालं. त्याच्या साखरेचा परवाना माझ्या वरच्या साहेबांच्या सहीनं निघायचा होता. सही आज होते, उद्या होते करत दिवस जवळ आले, म्हणून मी एका संध्याकाळी त्यांच्या बंगल्यावर गेलो. पाटीवर लाल अक्षरांत 'आऊट' होतं. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि मग बिनधास्त कडी वाजवली. साहेबांनी स्वतःच दार उघडलं. बनियानवर होते. मी कागद पुढे केला, त्यांनी मुकाट्यानं सही केली.

पाटी मी काढली. कुसुमनं ती मागून घेतली आणि वर्गात भिंतीवर लावली, मुलींना दोन शब्द नीट शिकवायला. आता आमच्या दारावर नुसतं नाव आहे. पण गुलाबराव जन्मात विसरायचे नाहीत. अजूनही येतात तेव्हा फाटकातूनच ओरडतात, "आज कोण हाय घरी? साहेब का भाऊ?"

आणि मी, त्यांच्या हातात आंब्यांची पिशवी आहे की मुक्कामाची वळकटी, हे खिडकीतून पाहून घेतल्याशिवाय अजूनही उत्तर देत नाही.